सूक्ष्म यंत्रमानव आणि त्यांचे थवे

सांगलीजवळच्या हरिपूर गावात हळद साठविण्यासाठी जमिनीत पेवे खोदण्याची प्रथा जुनी आहे. धान्याची पेवे तर एके काळी दख्खनच्या पठारावरील अनेक गावांत असत. पेवाचे तोंड उघडले म्हणजे जाणता माणूस लगेच आत उतरत नसे. काही वेळ आत वारा खेळू द्यावयाचा, मग दोरीला कंदील बांधून तो खाली सोडावयाचा आणि ज्योत विझली तर कोणीही पाऊल आत टाकावयाचे नाही, असा रिवाज होता. जुन्या खोल विहिरीचा गाळ काढतानाही हीच पद्धत पाळली जाई. बंद पेवात साठविलेले धान्य श्वसन करीत असते. त्यामुळे आतील प्राणवायू कमी होतो आणि हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहतो. ज्या हवेत ज्योत टिकत नाही त्या हवेत माणसाने शिरणे धोक्याचे, एवढे ज्ञान या रिवाजामागे होते.

धोक्याच्या जागी माणसाच्या आधी दुसरे काही तरी पाठवावे, ही कल्पना अशी फार जुनी आहे. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत हे काम एका पक्ष्याकडे आले. स्फोटानंतर खाणीत मरणारे पुष्कळसे कामगार आगीने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइड या वासहीन वायूने मरतात, हे जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले आणि खाणीत उतरताना लहान प्राणी सोबत न्यावेत असे सुचविले. लहान प्राण्याचा श्वास जलद चालतो. त्यामुळे विषारी वायूचा परिणाम माणसाच्या आधी त्याच्यावर दिसतो. पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी दांडीवरून खाली पडला की खाणकामगार मागे फिरत. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाले व त्यांची जागा वायुमापक यंत्रांनी घेतली.

कंदिलाविषयी येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. कंदील फक्त प्राणवायूची उणीव दाखवितो. हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू घातक प्रमाणात असूनही ज्योत खुशाल तेवत राहील. मिथेन असेल तर त्याच ज्योतीने स्फोट होईल. म्हणून गोबरगॅसच्या खड्ड्यात, मैल्याच्या टाकीत किंवा भुयारी गटारात पेटता दिवा कधीही सोडू नये.

कंदील आणि कॅनरी यांच्या वंशात आता यंत्रमानवाची भर पडली आहे. ‘यंत्रमानव’ हा शब्द मात्र काहीसा फसवा आहे. त्यावरून दोन हात, दोन पाय आणि डोके असलेली लोखंडी आकृती डोळ्यांपुढे उभी राहते. प्रस्तुत लेखात ज्यांचा विचार करावयाचा आहे ती यंत्रे सापासारखी, माशासारखी, झुरळासारखी किंवा नाण्यासारखी आहेत. भोवतालची स्थिती जाणणारे संवेदक, त्यावरून निर्णय करणारा लहानसा संगणक आणि हालचाल करणारे अवयव या तीन गोष्टी ज्यात आहेत, ते यंत्र आकाराने कसेही असले तरी यंत्रमानवच होय.

फुकुशिमाचा धडा

अशा यंत्रांची खरी कसोटी जपानमध्ये लागली. ११ मार्च २०११ रोजी झालेल्या भूकंपानंतर समुद्राच्या प्रचंड लाटा फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात शिरल्या. थंड करणारी यंत्रणा बंद पडून तीन अणुभट्ट्यांतील इंधन वितळले आणि भट्टीच्या तळाचे पोलाद व काँक्रीट यांत मिसळून थिजले. या मिश्रणाचे एकूण वजन सुमारे ८८० टन असावे असा अंदाज आहे. ते बाहेर काढल्याशिवाय केंद्र मोडीत काढता येणार नाही, आणि काढावयाचे तर आधी ते कोठे व कोणत्या स्थितीत आहे हे पाहिले पाहिजे.

पाहावयाचे कोणी? भारतात किरणोत्साराशी संबंध येणाऱ्या कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळू नये असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे. एकाच वेळी सुमारे ५ सीव्हर्ट, म्हणजे या वार्षिक मर्यादेच्या अडीचशे पट, मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे काही आठवड्यांत दगावतात. पहिल्या क्रमांकाच्या भट्टीच्या आवरणात २०१५ मध्ये ताशी सुमारे १० सीव्हर्टपर्यंत किरणोत्सार आढळला. याचा अर्थ, त्या जागी माणूस अर्धा तास उभा राहिला तर त्याचे आयुष्य संपल्यातच जमा होते.

म्हणून यंत्रे पाठविण्यात आली, आणि एकामागून एक ती तेथेच राहिली. ‘क्विन्स’ नावाच्या जपानी यंत्राची तार ऑक्टोबर २०११ मध्ये दुसऱ्या भट्टीच्या इमारतीत अडकून तुटली. एप्रिल २०१५ मध्ये पहिल्या भट्टीत सुमारे १० सेंटीमीटर व्यासाच्या नळीतून एक सर्पाकृती यंत्र आत सोडण्यात आले. नळीतून जाताना ते काठीसारखे सरळ राही व आत पोचल्यावर दुमडून चौकोनाच्या तीन बाजूंसारखा आकार घेई. काही तासांतच ते एका फटीत अडकले आणि त्याची तार कापून टाकावी लागली. फेब्रुवारी २०१७ मध्ये दुसऱ्या भट्टीत शेपटीवर कॅमेरा असलेला ‘विंचू’ गेला. वाटेवर साचलेल्या गाळात त्याचे पट्टे रुतले व तोही परत आला नाही.

या घटनांना त्या वेळी अपयश म्हटले गेले. तो शब्द पूर्णतः बरोबर नव्हे. सर्पाकृती यंत्राने अडकण्यापूर्वी किरणोत्साराची मापे व चित्रे पाठविली होती. विंचू रुतला तेव्हा वाटेवर किती गाळ आहे हे समजले. पुढचे यंत्र त्या माहितीवर बेतले गेले. मुख्य म्हणजे अशा जागी जे राहिले ते यंत्र होते. त्याच्या घरी कोणी वाट पाहत नव्हते.

जुलै २०१७ मध्ये तिसऱ्या भट्टीत पाण्याखालून पोहत जाणारे यंत्र पाठविण्यात आले. जपानी लोकांनी त्याला एका माशावरून ‘मिनी मानबो’ असे नाव दिले. ते ३० सेंटीमीटर लांब व १३ सेंटीमीटर जाड होते, कारण ज्या नळीतून ते जावयाचे होते तिचा व्यासच सुमारे १४ सेंटीमीटर होता. वितळून थिजलेल्या इंधनाचे बहुधा पहिले दर्शन घडले ते याच यंत्राच्या डोळ्यांनी. फेब्रुवारी २०१९ मध्ये दुसऱ्या भट्टीतील अवशेषांना चिमट्याने स्पर्श करून त्यांतील काही तुकडे उचलता येतात हे पाहण्यात आले. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये, मासे पकडण्याच्या गळासारख्या लांबत जाणाऱ्या दांड्याने, पहिला तुकडा बाहेर आला. त्याचे वजन ०.७ ग्रॅम भरले. एप्रिल २०२५ मध्ये दुसरा तुकडा निघाला तो ०.२ ग्रॅमचा. आत आहेत ८८ कोटी ग्रॅम! मोठ्या प्रमाणावरील उपसा २०३७ किंवा त्यानंतरच सुरू होईल, असे आता सांगितले जाते.

लहान होण्याचे लाभ आणि हानी

यंत्र लहान का असावे, याचे एक उत्तर वरच्या हकीकतीतच आहे. वाट जेवढी तेवढाच वाटसरू. परंतु दुसरे कारण त्याहून खोल आहे आणि ते शाळेतील भूमितीने समजावून देता येते. घनाकृती वस्तूची लांबी दहापट कमी केली तर तिचे पृष्ठफळ शंभरपट कमी होते, पण घनफळ व त्यासोबत वजन हजारपट कमी होते. म्हणून लहान वस्तूला तिच्या वजनाच्या मानाने हवेचा विरोध जास्त होतो व तिचा सांगाडाही तुलनेने बळकट ठरतो. मुंगी छपरावरून पडली तरी चालू लागते, बैल पडला तर उठत नाही. या विषयावर जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञाचा १९२६ मधील एक निबंध प्रसिद्ध आहे. कॅनरी पक्षी सुचविणाऱ्या हाल्डेनचाच हा मुलगा. पुढे १९५७ मध्ये तो भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि भुवनेश्वर येथे वारला.

घराघरांत शत्रू मानले जाणारे झुरळ या शास्त्रात गुरुस्थानी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत कौशिक जयराम व रॉबर्ट फुल यांनी २०१६ मध्ये दाखविले की, मोठे अमेरिकन झुरळ अवघ्या ३ मिलिमीटर उंचीच्या फटीतून अंग चपटे करून पार होते आणि चपटे असतानाही वेगाने धावते. त्या नमुन्यावर त्यांनी तळहाताएवढे यंत्र बनविले. पुढे कोलोराडो विद्यापीठात जयराम यांच्या गटाने २०२३ मध्ये एक ग्रॅमहूनही हलके यंत्र तयार केले. अडचणीच्या जागी ते आपली रुंदी ३४ मिलिमीटरवरून २१ मिलिमीटर करू शकते. पडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात अशाच फटी असतात.

आता हानीची बाजू. जो नियम मुंगीला वाचवितो तोच चिमुकल्या यंत्राला उपाशी ठेवतो. बॅटरीत किती वीज मावते हे तिच्या आकारमानावर अवलंबून असते. लांबी दहापट घटली की शिदोरी हजारपट घटली. हार्वर्ड विद्यापीठात रॉबर्ट वुड यांच्या प्रयोगशाळेने मधमाशीसारखे उडणारे यंत्र बनविले, त्याचा वृत्तांत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन सुमारे ८० मिलिग्रॅम, पंखांची फडफड सेकंदाला १२०. परंतु त्याला वीज पोचत होती ती केसासारख्या बारीक तारेतून. तारेविना असे यंत्र २०१९ मध्ये उडाले, तेही सूर्यप्रकाशाच्या सुमारे तिप्पट तेजाच्या दिव्याखाली आणि एक सेकंदाहूनही कमी काळ. वर्तमानपत्रांतील चित्रे पाहून असे यंत्र उद्याच विहिरीत सोडता येईल असा समज कोणी करून घेऊ नये.

किरणोत्साराच्या जागी आणखी एक अडचण येते. किरण अर्धवाहकांतून जाताना त्यांत विद्युत्भार साठत जातो व संगणकाचे भाग हळूहळू निकामी होतात, कॅमेऱ्याचे चित्र ठिपक्यांनी भरून जाते. मोठ्या यंत्राला शिशाचे कवच चढविता येते, लहानाला ते पेलत नाही. तिसरी अडचण संपर्काची. जाड काँक्रीट व पोलाद यांच्याआड रेडिओलहरी पोचत नाहीत, आणि तार लावली तर ती अडकते, हे क्विन्सच्या वेळी दिसलेच.

विजेचा प्रश्न सिंगापूरच्या संशोधकांनी वेगळ्याच मार्गाने टाळला आहे. त्यांनी यंत्राला झुरळासारखे न करता जिवंत झुरळाच्या पाठीवर कॅमेरा व संवेदक बांधले. चालण्याची ताकद किड्याची स्वतःची, वीज लागते ती फक्त पाठीवरच्या सामानाला. २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, त्या वेळी सिंगापूरच्या मदतपथकाने असे १० कीटक सोबत नेले होते. प्रत्यक्ष आपत्तीत त्यांचा हा पहिलाच उपयोग मानला जातो.

एक नव्हे, अनेक

एक लहान यंत्र थोडे पाहते, थोडा वेळ टिकते आणि सहज हरवते. मग ती शंभर का पाठवू नयेत? थव्याच्या कल्पनेचा उगम येथे आहे. फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीत फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्ये १८५ ग्रॅम वजनाचे चिमुकले ड्रोन उडविण्यात आले. त्यांचे संदेश बाहेर पोचावेत म्हणून एक सर्पाकृती यंत्र मध्यस्थ म्हणून आधी आत जाऊन बसले होते. त्या ड्रोननी भट्टीखाली हिमकांड्यांसारख्या लोंबणाऱ्या गोळ्यांची चित्रे आणली. याला थवा म्हणता येणार नाही, कारण प्रत्येक ड्रोन माणूसच चालवीत होता. परंतु एकाने पाहावे व दुसऱ्याने निरोप पोचवावा, ही सहकार्याची पहिली पायरी येथे दिसते.

खऱ्या थव्यात हुकूम देणारा कोणी नसतो. शेताच्या बांधावरील वारूळ वाळवी बांधते. त्याचा नकाशा कोणत्याही एका वाळवीपाशी नसतो. प्रत्येक वाळवी समोरच्या मातीची अवस्था पाहून आपला कण ठेवते, आणि तो कण पुढचीला काय करावे हे सांगतो. या निरोपाविना चालणाऱ्या निरोपाला पिएर पॉल ग्रासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये शास्त्रीय नाव दिले.

हार्वर्डमध्येच राधिका नागपाल व मायकेल रुबेनस्टाइन यांच्या गटाने १०२४ यंत्रांचा थवा जमविला व त्याचा वृत्तांत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक यंत्र सुमारे ३.३ सेंटीमीटर व्यासाचे, तीन बारीक पायांवर थरथरत सरकणारे. सुट्या भागांचा खर्च सुमारे १४ डॉलर. प्रत्येकाला आपल्या अगदी निकटच्या शेजाऱ्यांचेच अवरक्त किरणांचे संदेश कळत. सर्वांना सारख्याच सूचना दिलेल्या होत्या : कडेकडेने सरका, उगमापासून आपण कितव्या ओळीत आहोत ते मोजा, आणि आपण कोठे आहोत ते शेजाऱ्यांवरून ओळखा. एवढ्या पुंजीवर त्यांनी सुमारे बारा तासांत चांदणीचा आकार धरला. काही यंत्रे वाटेत अडली, काही भरकटली. आकार तरीही झाला, आणि धोक्याच्या जागी या गुणाचेच मोल आहे. एकच महागडे यंत्र रुतले की मोहीम संपते. शंभरातील वीस रुतली तर ऐंशी पुढे जातात. हे सर्व अद्याप मुख्यतः प्रयोगशाळेच्या गुळगुळीत टेबलावरचे आहे, चिखलात व अंधारात थवा असाच वागेल हे सिद्ध व्हावयाचे आहे.

शिक्षकांना हा धडा मैदानावर घेता येईल. तीस मुले मोकळी उभी करावीत. प्रत्येकाने मनात दोन सोबती निवडावेत, त्यांची नावे सांगू नयेत आणि दोघांपासून सारखेच अंतर राहील असे चालत राहावे. थोड्याच वेळात सारा वर्ग आपोआप हलतो, वळतो व बहुधा स्थिरावतो. मग एका मुलाला हळूच बाजूला न्यावे व काय होते ते पाहावे. दुसऱ्या खेळात एकाने ‘शून्य’ म्हणावे, त्याच्या हाताच्या अंतरावरच्यांनी ‘एक’, त्यांच्या शेजाऱ्यांनी ‘दोन’. ओळी कशा मोजल्या जातात हे कळण्यास यंत्राची गरज नाही.

आपल्याकडची भुयारे

उत्तराखंडातील सिल्क्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी ४१ कामगार अडकले. सहा इंची नळी आत सरकविल्यानंतर तिच्यातून पाठविलेल्या लहान कॅमेऱ्याने त्यांचे चेहरे प्रथम बाहेरच्यांना दिसले. मोठे छेदकयंत्र मोडल्यावर शेवटचे काही मीटर माणसांनी हातांनी खोदले आणि २८ नोव्हेंबरला सर्वजण सुखरूप बाहेर आले. तेलंगणातील श्रीशैलम डावा कालवा बोगद्यात २२ फेब्रुवारी २०२५ रोजी छत कोसळून आठजण अडकले, तेथे पाणी, चिखल व यंत्राचे भंगार यांनी वाट बुजली होती. यंत्रमानवांचीही मदत घेण्यात आली, परंतु त्या आठांपैकी कोणालाही वाचविता आले नाही.

याहून नित्याचे भुयार प्रत्येक शहराखाली आहे. गटारात वा मैल्याच्या टाकीत संरक्षक साधनांविना माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरविली व ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. केरळमधील तरुण अभियंत्यांनी बनविलेला ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव २०१८ मध्ये तिरुवनंतपुरम येथे मॅनहोल उपसू लागला. तो काही सूक्ष्म नव्हे, परंतु काम माणसाचेच हलके करतो. ब्रिटनमध्ये शेफील्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१९ पासून जमिनीखालच्या नळांत फिरून गळती शोधणाऱ्या चिमुकल्या यंत्रांच्या थव्यावर काम झाले आहे. नगरपालिकांच्या दृष्टीने ही दिशा अधिक मोलाची दिसते. चोंदलेले गटार कोठे चोंदले आहे हे वरूनच कळले, तर माणूस उतरविण्याचा प्रसंगच पुष्कळदा टळेल.

अशी यंत्रे गावोगाव येण्यास वेळ आहे. तोवर टाकी उपसण्याचे काम यंत्राने, बाहेरूनच करवून घ्यावे. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे समजू नये. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. आत कोणी कोसळला तर त्याला काढण्यासाठी मागोमाग उडी घेऊ नये, कारण एका टाकीत दोन-तीन मृत्यू होतात तेव्हा दुसरा व तिसरा बहुधा वाचवावयास गेलेला असतो. झाकणे उघडी करावीत, जवळ दिवा, विडी वा ठिणगी येऊ देऊ नये, ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करून टाकीत वायू असल्याचे स्पष्ट सांगावे, म्हणजे येणारे पथक श्वसनयंत्र घेऊनच येईल.